शब्दवेध : करवीर

कोल्हापूर शहर ज्या तालुक्यात आहे, त्याचे नाव कोल्हापूर नाही, करवीर आहे. जिल्ह्याला एक नाव आणि मुख्यालयाच्या तालुक्याला दुसरे, असे का?

संस्कृतात करवीर म्हणजे कण्हेर. ‘करवीर माहात्म्या’च्या परंपरेतली श्रद्धा मात्र या नावातला ‘कर’ वेगळा काढते: प्रलयात देवीने हे क्षेत्र आपल्या हाताने उचलून धरले. भाषेच्या अंगाने कण्हेरीचा अर्थ सरळ, तर भक्तीच्या अंगाने हाताचा अर्थ जवळचा. अंबाबाईचे हे क्षेत्र दोन्ही अर्थ सांभाळत आले आहे.

क्षेत्राचे नाव पुढे राज्याचे झाले. महाराणी ताराबाईंच्या पराक्रमातून उभी राहिलेली गादी करवीरची म्हणून ओळखली गेली. १७३१च्या वारणेच्या तहाने सातारा आणि करवीर अशी छत्रपतींची दोन राज्ये मान्य झाली. १ मार्च १९४९ रोजी करवीरचे हे संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि कोल्हापूर जिल्हा झाला.

जिल्हा आणि तालुका हे दोन्ही शब्द मुळात अरबी. ‘जिल्हा’च्या मुळाशी बरगडी, म्हणजेच बाजू, ‘तालुका’च्या मुळाशी संबंध, एकाशी दुसऱ्याचे बांधलेले असणे. संस्थान गेले, तरी गावांना बांधणाऱ्या त्या संबंधाला करवीर हेच नाव राहिले. सात-बाऱ्यावर ‘तालुका करवीर’ वाचणारा प्रत्येक शेतकरी देवीच्या क्षेत्राचे आणि छत्रपतींच्या राज्याचे नाव आजही वाचतो. ते जपायलाच हवे.