होडी, होरी आणि सुकाणू

माथेरानच्या डोंगराकडून येणारी गाढी नदी नेरे परिसरातून वाहत जाऊन पनवेलजवळ खाडीला मिळते. या खाडीकाठच्या आगरी-कोळी वस्तीतला एखादा विद्यार्थी निबंधात 'होरी' असे लिहितो आणि शिक्षक लाल शाईने त्याची 'होडी' करतात. प्रमाण लेखन शिकवायचे तर हे करावेच लागते. पण 'होरी' ही खरोखर चूक आहे काय?

या बोलींतील आणखी काही शब्द पाहा. घोडा 'घोरा' होतो, गाडी 'गारी' होते. दोन स्वरांमध्ये आलेल्या 'ड'चा येथे 'र' होतो. शब्दाच्या आरंभीचा 'ड' मात्र टिकतो. म्हणून डोलकाठीची 'रोलकाठी' होत नाही. तसेच 'ण'चा 'न' आणि 'ळ'चा 'ल' होतो. त्यामुळे सुकाणूचे 'सुकानू' आणि होडीच्या पुढच्या निमुळत्या भागाचे, म्हणजे नाळेचे, 'नाल' होते. ज्यावरून पुढचे उदाहरण आधीच सांगता येते, त्याला विज्ञानात आपण नियम म्हणतो. 'होरी' हा असा नियमबद्ध शब्द आहे. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या मराठीविषयक सातव्या खंडाने १९०५ मध्येच कोळी आणि आगरी बोलींची स्वतंत्र दखल घेतली होती.

उच्चारांइतकाच या शब्दांचा उगमही बोलका आहे. 'नाव' हा शब्द संस्कृत 'नौ'पासून आला. होडीला तमिळमधील 'ओडम्' आणि तेलुगूतील 'ओड' हे शब्द जवळचे आहेत. खलाशांच्या म्होरक्याला तांडेल म्हणतात. त्याचे भाईबंदही दक्षिणेकडच्या भाषांत सापडतात. उथळ खाडीत होडी चालवायला लागणारी वल्हे आणि काठी यांत अरबी-फारसी काही नाही.

खाडी सोडून समुद्रात शिरलो की चित्र बदलते. 'सुकाणू' अरबी 'सुक्कान'वरून आला. 'नाखवा' म्हणजे फारसी 'नाखुदा', नावेचा धनी. 'बंदर' फारसी आहे, 'खलाशी' अरबी. 'नांगर' या शब्दात तर दोन प्रवाह मिळाले आहेत. शेतातला नांगर संस्कृत 'लांगल'पासून आला, तर होडीचा नांगर फारसी 'लंगर'पासून. मिठागर, भातशेती आणि मासेमारी या तिन्हींवर जगणाऱ्या आगरी कुटुंबात दोन्ही नांगर एकाच घरात नांदले.

भूगोलाच्या पुस्तकातील 'मतलई वारे' हेही याच मालिकेतले. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर थंड होते आणि वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. कोकणात तो पूर्वेकडून येतो. अरबीत 'मत्ला' म्हणजे उगवण्याची जागा. अरब दर्यावर्दी ताऱ्यांच्या उदयास्ताच्या स्थानांवरून दिशा ओळखत. शिडाची होडी पहाटे याच वाऱ्यावर बाहेर पडे.

येथे एक सावधगिरी हवी. शब्द बाहेरून आला म्हणून वस्तूही बाहेरूनच आली, असे ठरत नाही. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील सातवाहन नाण्यांवर दोन डोलकाठ्यांचे जहाज आहे. म्हणजे नौकानयन येथे जुनेच होते. हे शब्द सांगतात ते एवढेच, की अरबी समुद्रावर वेगवेगळ्या भाषा बोलणारे लोक शतकानुशतके एकमेकांच्या संगतीने वावरत होते.

पनवेलची खाडी अशी वर्दळीचीच होती. १८३० मध्ये बोरघाटाचा रस्ता खुला झाल्यावर मुंबईहून पुण्याला जाणारे प्रवासी होडीने पनवेलला उतरून पुढे घाट चढत. १८६३ मध्ये घाटातून रेल्वे सुरू झाली आणि ही वाट मागे पडली. पुढे होड्यांना यंत्रे बसली, तेव्हा शीड आणि डोलकाठीभोवतीचे शब्द बोलण्यातून कमी होऊ लागले. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाल्यानंतर नवी मुंबई वसू लागली आणि खाडीकाठच्या बऱ्याच जागी भराव पडला. जेथे होड्याच थांबल्या, तेथे शब्द तरी कोणासाठी टिकावेत?

शब्दाबरोबर निरीक्षणही हरवते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येणारी मोठी भरती ती 'उधाण' आणि अष्टमीच्या सुमाराची लहान भरती ती 'भांग'. हे दोन शब्द ज्याला कळतात, त्याला चंद्र, सूर्य आणि पाणी यांचा संबंध निम्मा शिकवून झालेलाच असतो.

म्हणून खाडीकाठच्या शाळांनी एक सोपा उपक्रम हाती घ्यावा. विद्यार्थ्यांनी आजी-आजोबांना विचारून होडीचे भाग, वल्हवण्याच्या क्रिया, वारे आणि भरती-ओहोटी यांचे शब्द गोळा करावेत. शब्द ऐकला तसाच लिहावा, शेजारी प्रमाण रूप, वस्तूचे चित्र, सांगणाऱ्याचे वय आणि गाव नोंदवावे. मग नियम मुलांनाच शोधू द्यावेत. 'होरी' त्या वहीत खोडली जाणार नाही आणि निबंधात 'होडी' का लिहायची, हेही त्यांना नीट उमगेल.