नऊचे बारा

‘नून’ म्हणजे दुपारचे बारा. पण या शब्दाच्या पोटात आकडा आहे तो नऊचा. लॅटिनमध्ये ‘नोना होरा’ म्हणजे नववा तास. रोमन लोक दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजत. सूर्य सहाला उगवला असे धरले, तर नववा तास भरे दुपारी ३ वाजता, आपला तिसरा प्रहर संपतो तेव्हा. जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘नोन’ होऊन आला, तेव्हाही त्याचा अर्थ तीनचा सुमार असाच होता. मग तीनचे बारा झाले कसे?

मुळात रोमन तास आपल्यासारखा ६० मिनिटांचा नव्हता. उन्हाळा असो की हिवाळा, उजेडाचे सरळ १२ भाग करायचे. रोममध्ये जूनचा दिवस साधारण १५ तासांचा आणि डिसेंबरचा ९ तासांचा. त्यामुळे रोमन तास उन्हाळ्यात आजच्या सव्वा तासाएवढा ताणे आणि थंडीत पाऊण तासावर येई. नववा तास जूनमध्ये पावणेचारला भरे, डिसेंबरात सव्वादोनलाच. इतक्या लवचिक वेळेला थोडे मागेपुढे करणे कठीण नव्हते.

आणि ते करायला भुकेसारखे कारणही होते. येशूने क्रुसावर प्राण सोडला तो नवव्या तासाच्या सुमारास, असे शुभवर्तमानांत आहे. त्या वेळी मठांत ‘नोना’ची प्रार्थना होई. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी नियम लिहिले. त्यांत १३ सप्टेंबरपासून ईस्टरआधीचा उपवासकाळ लागेपर्यंत जेवण नवव्या तासाला, आणि उपवासकाळात तर थेट संध्याकाळी. अंधारात उठून प्रार्थना आणि मग अंगमेहनत केलेल्या माणसांना ही घंटा कधी होते असे झाले असेल, तर नवल नाही. आपल्याकडे संकष्टीला चंद्रोदय पंचांग सांगते, तिथे कुणाची घाई चालत नाही. मठातली घंटा मात्र माणसाच्या हातात होती. खुद्द बेनेडिक्टनेच उन्हाळ्यात ही प्रार्थना जरा आधी, आठवा तास अर्धा झाला की उरकायला सांगून दार किलकिले करून ठेवले होते. पुढच्या काही शतकांत घंटा अलीकडे सरकत गेली, आणि चौदाव्या शतकापर्यंत इंग्रजी ‘नून’ बारावर येऊन बसला.

प्रार्थना जेवणामुळे सरकली की जेवण प्रार्थनेमुळे, हा वाद अभ्यासकांनी घालावा. माझे मत भुकेच्या बाजूने. इंग्रजीत ‘नंचन’ नावाचा एक जुना शब्द होता, दुपारच्या किरकोळ खाण्यापिण्याचा. तो ‘नून’ला ‘पेय’ या अर्थाचा शब्द जोडून झाला. म्हणजे हा शब्द पहिल्यापासून ताटाच्या आसपासच वावरलेला.

गंमत अशी की रोमन मोजणीतला खराखुरा मध्यान्ह, म्हणजे सहावा तास, ‘सेक्स्ता’, स्पॅनिशमध्ये ‘सिएस्ता’ होऊन झोपी गेला. एकाच उन्हाच्या वेळेला स्पॅनिश माणूस सहाच्या नावाने आडवा होतो आणि इंग्रज नवाच्या नावाने जेवायला बसतो. आइसलँडमध्ये मात्र हाच शब्द ‘नोन’ या रूपात जुन्या जागी, दुपारी तीनवरच राहिला. तिकडे घंटा सरकवणारे कुणी भेटले नसावे.

आपली ‘दुपार’ही आकड्यातूनच आलेली: द्विप्रहर, दोन प्रहर पुरे झाले ती वेळ. पण ती बारावर थांबली नाही, पुढे पसरली. साडेबाराचे जेवण दुपारचे आणि चारचा चहाही दुपारचाच. इंग्रजीने हा पसारा ‘आफ्टरनून’वर सोपवला आणि ‘नून’ला एका ठिपक्यावर बांधून ठेवले. सतराव्या शतकात ‘रात्रीचा नून’ म्हणून मध्यरात्रीलाही तो शब्द लावून पाहिला गेला, पण ते टिकले नाही.

हा ठिपका कामाचाही होता. भर समुद्रात सूर्य माथ्यावर आला की अक्षांश काढता येई, म्हणून इंग्रजी आरमारात १८०५पर्यंत जहाजावरचा दिवस दुपारी बदलत असे. खगोलशास्त्रज्ञांनी ही रीत १९२४ संपेपर्यंत चालवली, कारण मध्यरात्री तारीख बदलली की एकाच रात्रीच्या निरीक्षणाचे दोन तुकडे पडत. त्यांच्या सलग दिवसमोजणीतला ‘ज्युलियन दिवस’ आजही दुपारी बारालाच सुरू होतो.

बाकीच्यांना हा शब्द लागतो तो एका अडचणीपायी. ‘एएम’ म्हणजे मध्यान्हाच्या आधी, ‘पीएम’ म्हणजे नंतर. मग ऐन मध्यान्हाला काय म्हणायचे? ‘१२ पीएम’ लिहिले की कुणीतरी रात्रीचे बारा समजतोच. म्हणून निविदा भरण्याची मुदत घालताना इंग्रजी जाहिरातीत अजूनही ‘१२ नून’ असे छापतात.