दूरचित्रवाणी-मुद्रणांचे रूपांतर आणि स्थानिक इतिहासाची साधने : नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :

इतिहासलेखनात साधनांचे महत्त्व अनन्यसाधारण आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. इतक्या अलीकडच्या जिल्ह्याचा इतिहास दप्तरांप्रमाणेच कॅमेऱ्यानेही टिपलेला आहे. सरदार सरोवराच्या पाण्याने वेढलेल्या मणिबेलीचे जुने रूप आज आनंद पटवर्धन व सिमंतिनी धुरू यांच्या 'अ नर्मदा डायरी' (१९९५) सारख्या माहितीपटात शोधावे लागते. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातील टेंभली येथे पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत देशातील पहिले आधार क्रमांक देण्यात आले. पंचक्रोशीबाहेरच्यांनी हा प्रसंग पाहिला तो दूरचित्रवाणीवर. अशी मुद्रणे टिकवायची तर कधी ना कधी त्यांचे एका फाइल-प्रकारातून दुसऱ्यात रूपांतर करावे लागते. हे रूपांतर म्हणजे निव्वळ नक्कल नव्हे. त्यात पाठनिर्णय दडलेला असतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

एका मुद्रणाची हकिकत :

टेंभलीच्या त्या दिवसाच्या बातम्या आमच्या एका स्नेह्यांनी संगणकातील टीव्ही ट्यूनर कार्डाच्या साहाय्याने मुद्रित केल्या होत्या. विंडोज ७ च्या मीडिया सेंटरने तयार केलेली ती फाइल 'डब्ल्यूटीव्ही' प्रकारची होती. पुढे २०१५ साली आलेल्या विंडोज १० मधून मीडिया सेंटर वगळले गेले आणि नव्या संगणकावर ती फाइल उघडेना. वास्तविक तिच्या आतील चित्र एमपीईजी-२ या सर्वपरिचित पद्धतीचेच होते. डब्ल्यूटीव्ही हे केवळ वेष्टन. वाहिनी, कार्यक्रम व मुद्रणाची वेळ यांच्या नोंदी त्यात असतात. आतील चित्र व ध्वनी यांना हात न लावता वेष्टन तेवढे बदलता येते. 'एफएफएमपेग' हे विनामूल्य साधन ते काम काही मिनिटांत करते. मात्र वेष्टनावरील नोंदी आधी उतरवून घेतलेल्या बऱ्या.

स्नेह्यांनी फाइल एका दुकानात दिली. तेथे चित्र उलगडून नव्याने कॉम्प्रेस करण्यात आले. कारण उघड आहे : सेकंदाला ६ मेगाबिट दराचे तासाभराचे मुद्रण सुमारे २.७ गिगाबाइट जागा व्यापते, १ मेगाबिट दराने तेच ४५० मेगाबाइटमध्ये मावते. मूळ फाइल पुसली गेली. हाती आलेल्या प्रतीत मंचावरील मंडळी ओळखू येतात, गर्दीतील चेहरे मात्र डागांसारखे दिसतात. निवेदकाचा आवाज स्वच्छ आहे. त्यामागे चाललेले बायकांचे बोलणे नुसती खरखर झाले आहे. ते भिली होते, पावरी होते की अहिराणी, हे आता सांगता येत नाही. आमच्या दृष्टीने बातमी तीच होती. फाइलवर दिनांकही रूपांतराचाच उरला आहे.

मोडीचा दाखला :

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे १९२६ साली धुळ्यास निधन झाले आणि त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथेच उभे राहिले. त्या परंपरेत वाढलेल्या खानदेशी अभ्यासकाला नकलेची भीती वेगळी सांगायला नको. मोडीत इकार-उकारांचा ऱ्हस्व-दीर्घ भेद पाळला जात नाही. बालबोधीत उतरवताना नकलकार तो आपल्या समजुतीने ठरवतो. दूरचित्रवाणीचेही असेच आहे. पाल पद्धतीत सेकंदाला ५० अर्धचित्रे येतात आणि प्रत्येकात एकाआड एक रेषा असते. त्यांची अखंड चित्रे करताना संगणक गाळलेल्या रेषा अंदाजाने भरतो. छापील साधनात संपादक आपली भर कंसात दाखवतो. येथे कंस नसतो, म्हणून अंदाज कोठे संपला आणि पुरावा कोठे सुरू झाला हे पुढच्या अभ्यासकाला कळण्याचा मार्गच राहत नाही.

आमच्या विभागात आता मूळ फाइल, वेष्टन बदललेली प्रत आणि पाहण्यापुरती लहान प्रत अशा तिन्ही वेगळ्या ठेवल्या जातात. रूपांतर कोणी, केव्हा, कोणत्या साधनाने केले हे वहीत लिहिले जाते. टेंभलीच्या मुद्रणापुढे त्या वहीत नोंद आहे : 'दुसऱ्या पिढीची प्रत. मूळ उपलब्ध नाही.'