दप्तरातला डिंक

ज्या वृक्षाला आपल्याकडे कोणी हौसेने अंगणात जागा देत नाही, ज्याच्या काट्यांचा उपयोग कुंपणापुरता, सालीचा कातडी कमावण्यापुरता आणि लाकडाचा गाडीच्या चाकापुरता मानला जातो, त्या बाभळीचे शास्त्रीय नाव वाचताना क्षणभर थबकावे लागते. कारण त्या नावात नाईल नदी आहे. मिसर देशातली नाईलकाठची बाभूळ आणि आपल्या काळ्या रानातली बाभूळ या एकाच जातीच्या दोन उपजाती होत, आणि डिंकाची कुळकथा सांगावयाची तर आरंभ त्या दूरच्या चुलतबहिणीपासून करणे प्राप्त आहे.

ख्रिस्तपूर्व पाचव्या शतकातील ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने आपल्या मिसरवर्णनात डिंकाची दखल दोनदा घेतली आहे. शवे गुंडाळावयाच्या तलम पट्ट्यांना मिसरी लोक सरसाऐवजी डिंक फासतात, असे तो एके ठिकाणी सांगतो. आणि पुढे नाईलवरच्या मालवाहू गलबतांचे वर्णन करताना, ज्या काटेरी झाडाच्या लाकडाची ती बांधतात त्याचाच चीक म्हणजे हा डिंक, असा खुलासा करतो. त्याने वापरलेला ‘कोम्मी’ हा शब्द मूळचा मिसरीच. तो ग्रीकांकडून रोमनांकडे जाऊन ‘गुम्मी’ झाला, फ्रेंचांकडे ‘गोम’ आणि इंग्रजांकडे ‘गम’. पाकिटाला ‘गम’ लावणाऱ्या कारकुनाच्या तोंडी तीन सहस्रकांपूर्वीच्या मिसरी भाषेचा अवशेष असतो, याची त्या बिचाऱ्याला वार्ताही नसते.

पुढे व्यापार वाढला आणि मान दुसऱ्याच झाडाकडे गेला. सुदानच्या कोर्दोफान प्रांतात ‘हशाब’ नावाची बाभळीच्याच गोत्रातली एक झुडूपवजा काटेरी जात वाढते. पावसाळा सरला की तेथील शेतकरी तिच्या फांद्यांवरील सालीची पट्टी सोलतात, आणि चार-सहा आठवड्यांनी त्या जखमेवर साकळलेले, अश्रूंच्या आकाराचे खडे वेचून आणतात. हा माल अरब व्यापाऱ्यांच्या हातून जगात गेला म्हणून त्याचे नाव ‘अरबी डिंक’ पडले. एकोणिसाव्या शतकात एडन आणि तांबड्या समुद्रातील बंदरांतून डिंकाच्या गोण्या मुंबईस उतरत, आणि तेथून पुन्हा जहाजात चढून विलायतेस पोहोचेपर्यंत त्या मालाचे नाव ‘ईस्ट इंडिया’ डिंक झालेले असे! आपल्या सह्याद्रीतला आणि सातपुड्यातला धावडा तरी कोठे सुटला? त्याच्या डिंकाला परदेशी व्यापारात ‘घट्टी’ म्हणतात, कारण तो घाटवाटांनी उतरून बंदरात येई. जकातीच्या नाक्यावर मालाला आई विचारीत नाहीत, मुक्काम विचारतात. आपल्या बोलीची रीत मात्र उलट, आणि माझ्या मते अधिक न्याय्य आहे: ती धावड्याचा डिंक, खैराचा डिंक, कांडोळाचा डिंक असे प्रत्येकाला त्याच्या झाडाच्या नावाने ओळखते.

ही ओळख निष्कारण नाही. बाभळीचा व धावड्याचा डिंक पाण्यात विरघळतो. कांडोळाचा नुसता फुगून लगदा होतो. आणि राळ पाण्याला मुळीच दाद देत नाही, म्हणून तिला डिंकाच्या पंगतीत बसवीत नाहीत. तुपाशी यांची वागणूक आणखी निराळी. लाडवासाठी डिंक तळणाऱ्या गृहिणीला ठाऊक असते की तूप नीट तापलेले हवे, चिमूट-चिमूटच टाकावा. खड्याच्या पोटातल्या ओलाव्याची वाफ होऊन तो लाहीसारखा फुलतो, आणि गाभा कच्चा राहिला तर बाळंतिणीच्या दातांना तो चिकटून बसतो. तूप त्याला फुलवते, विरघळवीत नाही.

डिंकाच्या याच स्वभावावर, स्निग्धाशी फटकून आणि पाण्याशी सख्य करून असण्यावर, शिळाछापाची सारी कला उभी राहिली. अठराव्या शतकाच्या अखेरीस बव्हेरियात आलोइस झेनेफेल्डर याने चुनखडीच्या शिळेवर स्निग्ध शाईने लिहून उरलेल्या भागावर किंचित तेजाब मिसळलेले डिंकाचे पाणी चढविले. तो भाग ओल धरून राहतो आणि छपाईच्या शाईला अंगाला लागू देत नाही. मुंबईस गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली पंचांग छापले ते शिळेवरच. चरबीचा विटाळ नको म्हणून त्यांनी शाईत तूप घातले, असे सांगतात. तसे असेल तर लाडवातले दोन सोबती त्या शिळेवर हाडवैरी म्हणून समोरासमोर उभे ठाकले होते.

परंतु मराठी मुलखात डिंकाने बजावलेली सर्वांत मोठी चाकरी छापखान्यातली नव्हे, दप्तरातली. दिव्याची काजळी नुसत्या पाण्यात कालवली तर ती तळाशी बसते आणि कागदावर वाळल्यावर बोटाने पुसली जाते. तीत बाभळीचा डिंक घालून प्रहरच्या प्रहर घोटली म्हणजे काजळीचा कण न् कण डिंकाच्या आवरणात तरंगत राहतो, बोरूतून सरळ उतरतो आणि जुन्नरी किंवा दौलताबादी कागदाला बिलगून बसतो. काजळी म्हणजे केवळ कोळसा. उन्हाने वा काळाने तिचा रंग विटत नाही. म्हणूनच पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी कागद, ज्यांत वसुलाचे ताळेबंद, सनदा, तगाद्यांची पत्रे आणि क्वचित एखाद्या फौजेच्या उपासमारीची हकीकतही आहे, दोन-अडीचशे वर्षांनंतरही काळेभोर दिसतात. विलायती पद्धतीची हिराकशीची शाई याच मुदतीत तपकिरी पडते आणि कधीकधी कागदही खाते.

आज जगातला बराचसा डिंक शीतपेयांत जातो, कारण त्यांतील सुगंधी तेले पाण्यात तरंगती ठेवण्याचे काम त्याच्याइतके मुकाट्याने करणारे दुसरे द्रव्य सहज मिळत नाही. १९९७ साली अमेरिकेने सुदानवर व्यापारी निर्बंध लादले, तेव्हाही डिंकाची वाट मोकळी ठेवावी लागली. या वैभवाशी आपल्या दप्तरांचा काही संबंध नाही. डिंकाचा स्वभाव मात्र दोन्हीकडे तोच. पाण्यात विरघळणे त्याने सोडलेले नाही, आणि काळाला न जुमानणारी ती अक्षरे ओल्या बोटाला मात्र भितात. म्हणून घरच्या माळ्यावरचा जुन्या कागदांचा रुमाल सोडण्याचा योग आला, तर वाचकहो, पान उलटताना बोटाला थुंकी लावू नका.