तुरुंगातील अखेरचे आजारपण

ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह जुन्या किल्ल्यात आहे. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला हा किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला आणि पुढे इंग्रजांनी त्याचा तुरुंग केला. कल्याणचे जिल्हा कारागृह म्हणजे लोकांच्या तोंडचे 'आधारवाडी'. अधिकृत क्षमता पहिल्याची १,१०५, दुसऱ्याची ५४०. प्रत्यक्षात आत वर्षानुवर्षे याच्या कैक पट माणसे. त्यांतील बहुसंख्य न्यायाधीन बंदी, म्हणजे बोलीभाषेत कच्चे कैदी. गुन्हा सिद्ध न झालेला असा एखादा बंदी कर्करोगाच्या शेवटच्या अवस्थेत पोचला तर त्याला कोणता मार्ग उरतो?

त्याच्यासाठी मार्ग एकच, जामिनाचा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४३७ आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेले भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४८० यांनुसार, गंभीर गुन्ह्यातील आरोपीही आजारी वा दुर्बल असल्यास न्यायालय त्याला जामीन देऊ शकते. 'देऊ शकते' हे महत्त्वाचे. दिलाच पाहिजे असे नाही. यूएपीए कायद्याच्या कलम ४३-ड(५) मध्ये तर आजाराचा असा अपवादच नाही.

शिक्षा झालेल्यांसाठी महाराष्ट्रात १९५९ चे संचित व अभिवचन रजेचे नियम आहेत. अभिवचन रजेची, अर्थात पॅरोलची कारणे वाचताना एक विसंगती जाणवते. आईवडिलांचे किंवा पत्नी-मुलांचे गंभीर आजारपण, पत्नीचे बाळंतपण, घराची पडझड, ही कारणे तेथे आहेत. बंद्याच्या स्वतःच्या मरणासन्न अवस्थेसाठी मात्र शासनाकडून शिक्षेत सूट किंवा अनुच्छेद १६१ खाली राज्यपालांकडे दयेचा अर्ज, हा लांबचा रस्ता उरतो.

हा विलंब किती महाग पडतो, हे ठाण्याशेजारच्या तळोजा कारागृहाने दाखवले. पार्किन्सन्सने ग्रस्त असलेले फादर स्टॅन स्वामी यांना ऑक्टोबर २०२० मध्ये अटक झाली. पेला हातात स्थिर राहत नाही म्हणून पाणी पिण्याच्या नळीसाठीही त्यांना न्यायालयाकडे अर्ज करावा लागला. मार्च २०२१ मध्ये विशेष न्यायालयाने जामीन नाकारला. मे महिन्याच्या अखेरीस उच्च न्यायालयाच्या आदेशाने ते वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात पोचले आणि ५ जुलै २०२१ रोजी, जामीन अर्जाच्या सुनावणीच्या दिवशीच, ८४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याच प्रकरणातील कवी वरवरा राव यांना मात्र उच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०२१ रोजी सहा महिन्यांचा वैद्यकीय जामीन दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२२ मध्ये तो कायम केला. दोघांनाही निष्णात वकील लाभले होते. आधारवाडीतल्या अनोळखी बंद्याला ते कोठून लाभणार?

बाहेरच्या रुग्णालयात न्यायचे तर पोलीस बंदोबस्त लागतो आणि तो मिळाला नाही की तारीख पुढे जाते. वेदनाशामक उपचार, ज्याला 'पॅलिएटिव्ह केअर' म्हणतात, तो तर बाहेरच्या सामान्य रुग्णालाही दुर्मीळ. अशा सेवेसाठी देशातले पहिले केंद्र, वांद्र्याचे शांती अवेदना सदन, १९८६ मध्ये सुरू झाले.

मृत्यूनंतर मात्र यंत्रणा तत्पर होते. कोठडीतील प्रत्येक मृत्यू २४ तासांत राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला कळवावा लागतो, चौकशीही होते. आजारी बंद्याच्या अर्जासाठी अशी घड्याळाची मर्यादा नाही.

डॉक्टरांचा अंदाज चुकला तर, ही शासनाची भीती अगदीच निराधार नाही. लॉकर्बी बॉम्बस्फोटातील दोषी अल-मेग्राही याला तीनेक महिन्यांचेच आयुष्य उरल्याचे मानून स्कॉटलंडने ऑगस्ट २००९ मध्ये सोडले. तो मे २०१२ पर्यंत जगला. त्यावर मोठे वादळ उठले. तथापि अंथरुणाला खिळलेला माणूस दोन वर्षे अधिक जगला, हा कायद्याचा पराभव कसा, हे प्रस्तुत लेखकाला कळलेले नाही.

राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने १० डिसेंबर २०२४ रोजी वृद्ध व असाध्य आजारी बंद्यांसाठी विशेष मोहीम सुरू केली आणि पुढे २०२५ मध्ये याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतील नातेवाइकांना ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ नुसार कोठडीतील व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अर्जासोबत उपचारांची जुनी कागदपत्रे जोडावीत आणि कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याचा ताजा अहवाल मागवण्याची विनंती त्यातच करावी.