निवडणुकींतील शांतीचीं वचनें

श्रोतेहो, निवडणुकीच्या दिवसांत व्यासपीठावरून उच्चारलेल्या शब्दाला किती वजन द्यावें, हा प्रश्न लोकशाहीइतकाच जुना आहे. लग्नाच्या बैठकींत वरपक्षानें सांगितलेल्या गोष्टींतून किती भाग वजा करावयाचा, हें आपल्याकडील वधूपित्याला अनुभवानें कळलेलें असतें. पुष्कळ मतदारही मनांतल्या मनांत तसाच हिशेब करीत उमेदवाराचें भाषण ऐकत असतात. परंतु जेथें शब्द खरा कीं खोटा यावर लक्षावधि तरुणांचें जगणें-मरणें अवलंबून असतें, तेथें ही गोष्ट थट्टेवारी नेऊन चालत नाहीं. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १९१६, १९४० व १९६४ या वर्षीं ज्या निवडणुका झाल्या, त्या तिन्ही वेळां विजयी उमेदवारानें शांतीची ग्वाही दिली होती, आणि तिन्ही वेळां त्याच्याच कारकीर्दींत राष्ट्र मोठ्या युद्धांत उतरलें. या तीन प्रसंगांचा आज आपण विचार करूं.

प्रथम त्या देशाची रीत थोडी ध्यानांत घेतली पाहिजे. जॉर्ज वॉशिंग्टन यांनीं १७९६ मध्यें निरोपाचा संदेश देतांना परराष्ट्रांशीं कायमच्या मैत्रीच्या करारांत गुंतूं नये, असा उपदेश देशबांधवांस केला. युरोपच्या भांडणांपासून दूर राहावें, ही भावना तेव्हांपासून अमेरिकन मनांत खोल रुजली. घटनाकारांनींही सावधगिरी बाळगली होती. युद्ध पुकारण्याचा अधिकार त्यांनीं काँग्रेसला दिला. तह मंजूर होण्यास सीनेटमध्यें उपस्थित सभासदांपैकीं दोन-तृतीयांश मतें आवश्यक ठेविलीं. परंतु सैन्याचें सेनापतिपद अध्यक्षाकडे सोंपविलें. म्हणजे म्यानाची किल्ली एकाच्या हातीं आणि तलवारीची मूठ दुसऱ्याच्या हातीं, अशी ही व्यवस्था आहे. त्यांत दर चार वर्षांनीं नोव्हेंबरांतील ठराविक मंगळवारीं अध्यक्षाची निवडणूक होते. जगांतील युद्धें कांहीं तें पंचांग पाहून सुरू होत नाहींत; त्यामुळें परराष्ट्रनीतीचे अत्यंत नाजूक प्रश्न कित्येकदां ऐन प्रचाराच्या धामधुमींत जनतेपुढें येतात.

पहिला प्रसंग वुड्रो विल्सन यांचा. १९१४ मध्यें युरोपांत महायुद्ध पेटलें. ७ मे १९१५ रोजीं जर्मन पाणबुडीनें लुसिटानिया ही इंग्रज आगबोट बुडविली व तींत १२८ अमेरिकन मृत्यु पावले. लोक खवळले, तरी विल्सन यांनीं संयम राखला, आणि खलित्यांच्या जोरावर १९१६ च्या मे महिन्यांत जर्मनीकडून व्यापारी जहाजांविषयीं कांहीं आश्वासन मिळविलें. पुढच्याच महिन्यांत सेंट लुई येथें डेमोक्रॅटिक पक्षाचें अधिवेशन भरलें. अध्यक्षांनीं राष्ट्राला युद्धापासून दूर ठेवलें, या विधानावर तेथें प्रतिनिधींनीं असा जयघोष केला कीं, तेंच प्रचाराचें मुख्य घोषवाक्य होऊन बसलें.

माझी हयात मुलांना इतिहास व व्याकरण शिकविण्यांत गेली असल्यामुळें या घोषवाक्यांतील क्रियापदाकडे माझें लक्ष वारंवार जातें. तें भूतकाळीं आहे. ‘दूर ठेवलें’ एवढेंच तें म्हणतें; ‘पुढेंही दूर ठेवूं’ असें म्हणत नाहीं. पण लाखों मतदारांनीं तें ऐकलें भविष्यकाळाच्या अर्थानें, आणि तसें तें ऐकलें जावें अशीच पक्षाची इच्छा होती. स्वतः विल्सन या घोषवाक्यानें अस्वस्थ होते. एखादा क्षुल्लक जर्मन अधिकारी जाणूनबुजून एखादें दुष्कृत्य करून आपल्याला केव्हांही युद्धांत ओढूं शकेल, असें त्यांनीं आपल्या एका सहकाऱ्याजवळ बोलून दाखविल्याचें नमूद आहे. तरीही रिपब्लिकन पक्ष निवडून आला तर राष्ट्र युरोपच्या युद्धांत ओढलें जाईल, असें सूचित करण्यास ते चुकले नाहींत.

प्रतिपक्षाचे उमेदवार चार्लस इव्हान्स ह्यूज हे सर्वोच्च न्यायालयाचें न्यायाधीशपद सोडून निवडणुकीस उभे राहिले होते. ७ नोव्हेंबर १९१६ रोजीं मतदान झालें; निकाल कांहीं दिवस अधांतरीं होता. अखेरीस कॅलिफोर्निया संस्थानांत चार हजारांहूनही कमी मताधिक्यानें पारडें फिरलें व निर्वाचक मतांत २७७ विरुद्ध २५४ असा विल्सन यांचा जय झाला. जर्मनीनें ३१ जानेवारी १९१७ रोजीं पाणबुड्यांचें अनिर्बंध युद्ध जाहीर केलें. मेक्सिकोला अमेरिकेविरुद्ध चिथावणी देणारी जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमन यांची तार १ मार्चला प्रसिद्ध झाली. २ एप्रिलला विल्सन काँग्रेसपुढें उभे राहिले आणि ६ एप्रिलला युद्ध पुकारलें गेलें. मतदानाच्या दिवसापासून तेव्हां पांच महिनेही पुरे झाले नव्हते.

विल्सन यांच्या शब्दांचा प्रभाव त्यांच्या देशापुरता नव्हता, हेंही येथें नमूद केलें पाहिजे. स्वयंनिर्णयाच्या तत्त्वानें पराधीन राष्ट्रांच्या आशा पालवल्या. लोकमान्य टिळक त्या काळीं लंडनमध्यें होते. त्यांनीं १९१९ च्या आरंभीं विल्सन यांस पत्र लिहून हिंदुस्थानालाही तें तत्त्व लागू करावें, अशी मागणी केली. पॅरिसच्या शांतता-परिषदेंत हिंदुस्थानाच्या पदरीं कांहीं पडलें नाहीं. आणि विल्सन यांनीं घडविलेला तह खुद्द त्यांच्याच सीनेटनें फेटाळला.

दुसरा प्रसंग फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा. १९४० च्या जून महिन्यांत फ्रान्स पडला आणि इंग्लंड एकाकी झुंजत राहिलें. रूझवेल्ट तिसऱ्यांदा उभे होते. आजवर कोणी अध्यक्ष तिसऱ्यांदा निवडून आला नव्हता. ऐन प्रचाराच्या काळांत, सप्टेंबरमध्यें, त्यांनीं पन्नास जुन्या विनाशिका इंग्लंडला देऊन बदल्यांत नाविक तळ मिळविले, आणि शांततेच्या काळांतील पहिल्या सक्तीच्या लष्करभरतीच्या कायद्यावर सही केली. प्रतिस्पर्धी वेंडेल विल्की यांचाही इंग्लंडला मदत करण्यास विरोध नव्हता. पण आपली बाजू लंगडी पडते असें दिसतांच, रूझवेल्ट निवडून आले तर कांहीं महिन्यांतच युद्ध ओढवेल, असा प्रचार त्यांनीं सुरू केला. त्याला उत्तर म्हणून ३० ऑक्टोबरला बोस्टन येथें रूझवेल्ट यांनीं आईबापांना उद्देशून सांगितलें कीं, तुमचीं मुलें कोणत्याही परक्या युद्धांत पाठविलीं जाणार नाहींत. आणि हें आपण पूर्वीं सांगितलें आहे व पुनःपुन्हां सांगूं, अशी पुस्तीही जोडली.

त्यांच्या पक्षाच्या जाहीरनाम्यांत या वचनाला ‘आपल्यावर हल्ला झाल्याखेरीज’ अशी अट होती. बोस्टनच्या भाषणांत ती गळली. सल्लागारांनीं विचारलें असतां, आपल्यावर हल्ला झाला तर तें युद्ध परकें राहणारच नाहीं, असें त्यांचें म्हणणें पडलें. तर्काला हें उत्तर बिनतोड आहे. पण नभोवाणीजवळ कान लावून बसलेल्या माउलीला तो तर्क कोणी समजावून सांगितला नव्हता.

रूझवेल्ट यांना ४४९ व विल्की यांना ८२ निर्वाचक मतें मिळालीं. पुढें फेब्रुवारी १९४१ मध्यें इंग्लंडला युद्धसाहित्य पुरविण्याच्या विधेयकावर सीनेटच्या समितीपुढें विल्की यांची साक्ष झाली. रूझवेल्ट यांच्याविरुद्ध केलेल्या भाकितांची आठवण कोणीसें करून दिली, तेव्हां तें निवडणुकींतलें थोडें वक्तृत्व होतें, असें त्यांनीं मोकळेपणीं सांगून टाकलें! त्याच वेळीं मात्र त्यांनीं पक्षभेद विसरून त्या विधेयकाला पाठिंबा दिला. एकाच माणसाच्या ठायीं प्रचारांतला सैलपणा आणि राष्ट्रकार्यांतला मोठेपणा असूं शकतो, ही गोष्ट इतिहास शिकणाऱ्यानें विसरूं नये. ७ डिसेंबर १९४१ रोजीं जपाननें पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि दुसऱ्या दिवशीं अमेरिका युद्धांत उतरली.

तिसरा प्रसंग लिंडन जॉन्सन यांचा, आणि तो पहिल्या दोहोंहून अधिक गंभीर आहे. १९६४ मध्यें त्यांच्याविरुद्ध बॅरी गोल्डवॉटर उभे होते. त्यांच्या कडव्या भाषेमुळें हा गृहस्थ जगाला अणुयुद्धांत लोटील, असें भय पसरविणें सोपें गेलें. फुलाच्या पाकळ्या मोजणारी चिमुकली मुलगी व पाठोपाठ अणुस्फोट, अशी दूरचित्रवाणीवरील जाहिरात ७ सप्टेंबरला एकदांच पैसे देऊन दाखविली गेली, पण तिची चर्चा आजही होते. तत्पूर्वीं ऑगस्टमध्यें टोंकिनच्या आखातांत अमेरिकन विनाशिकांवर दोनदां हल्ला झाल्याचें सांगण्यांत आलें. त्यावरून काँग्रेसनें अध्यक्षांस सैन्यबळ वापरण्याची व्यापक मोकळीक दिली. प्रतिनिधिगृहांत एकही विरुद्ध मत पडलें नाहीं, सीनेटमध्यें केवळ दोन पडलीं. पहिला हल्ला खरा होता. ४ ऑगस्टचा म्हणून सांगितलेला दुसरा हल्ला झालाच नव्हता, हें पुढें उघड झालेल्या कागदपत्रांवरून दिसून आलें.

२१ ऑक्टोबरला ओहायो संस्थानांतील अॅक्रन येथें जॉन्सन म्हणाले कीं, आशियांतील तरुणांनीं जें काम स्वतः करावयास हवें, तें करण्यासाठीं अमेरिकन मुलांना घरापासून नऊ-दहा हजार मैलांवर पाठविण्याचा आमचा विचार नाहीं. ४४ संस्थानें जिंकून ते निवडून आले. ८ मार्च १९६५ रोजीं दानांगच्या किनाऱ्यावर अमेरिकन नौसैनिक उतरले, आणि १९६८ पर्यंत व्हिएतनाममधील अमेरिकन सैन्य पांच लाखांवर गेलें. त्या युद्धांत अठ्ठावन्न हजारांहून अधिक अमेरिकन आणि लक्षावधि व्हिएतनामी मारले गेले. उत्तर व्हिएतनामवर बाँबफेक करण्याच्या योजना निवडणुकीच्या वर्षींच तयार होत होत्या, हें १९७१ मध्यें प्रसिद्ध झालेल्या गुप्त सरकारी अहवालामुळें जगाला कळलें. जॉन्सन यांचा निर्णय त्या वेळीं पक्का झाला होता कीं नाहीं, याविषयीं इतिहासकारांत मतभेद आहेत. मात्र मतदारांस जें सांगितलें जात होतें तें अपुरें होतें, याविषयीं वाद उरलेला नाहीं.

श्रोतेहो, आतां एका बाईंची गोष्ट सांगतों. जेनेट रँकिन या अमेरिकन काँग्रेसमध्यें निवडून आलेल्या पहिल्या स्त्री. शांतीच्या पुरस्कर्त्या म्हणून माँटाना संस्थानांतून त्या १९१६ मध्यें निवडून आल्या आणि १९१७ मध्यें युद्धाविरुद्ध मत देणाऱ्या पन्नास प्रतिनिधींपैकीं एक ठरल्या. १९१८ मध्यें सीनेटसाठीं त्या उभ्या राहिल्या, पण पराभूत झाल्या. १९४० मध्यें पुन्हां निवडून आल्या, आणि ८ डिसेंबर १९४१ रोजीं जपानविरुद्ध युद्ध पुकारतांना ३८८ मतांविरुद्ध पडलेलें एकमेव मत त्यांचें होतें. खवळलेल्या जमावापासून बचावण्यासाठीं त्यांना टेलिफोनच्या खोक्यांत आसरा घ्यावा लागला. पुढें गांधीजींच्या मार्गाचा अभ्यास करण्यासाठीं त्या अनेकदां हिंदुस्थानांत आल्या. आणि जानेवारी १९६८ मध्यें, वयाच्या ८७ व्या वर्षीं, व्हिएतनाम युद्धाविरुद्ध स्त्रियांचा मोर्चा घेऊन वॉशिंग्टनमध्यें चालल्या.

रँकिनबाईंनीं आपला शब्द तंतोतंत पाळला. मग पर्ल हार्बरनंतर त्यांचेंच मत बरोबर होतें काय? माझ्यानें तसें म्हणवत नाहीं. आरमार जळत असतां व हिटलरच्या टांचेखालीं युरोप चिरडला जात असतां, जुन्या वचनाला चिकटून बसणें हें राष्ट्राच्या कारभाऱ्याला शोभलें नसतें. परिस्थिति बदलली म्हणजे धोरण बदलणें हा दोष नव्हे. दोष असेल तर तो अट ठाऊक असूनही ती मतदारापासून लपविण्यांत आहे. या मापानें पाहतां तिघांचा दोष सारखा ठरत नाहीं. विल्सन यांच्या पक्षानें जें अध्यक्षांच्या हातीं नव्हतें, तें हातीं असल्याचा भास निर्माण केला. रूझवेल्ट यांनीं माहीत असलेली अट उच्चारली नाहीं. जॉन्सन यांनीं चालू असलेली तयारीच झांकून ठेविली.

याच्या उलट उदाहरण आयझेनहॉवर यांचें. कोरियाचें युद्ध चिघळलें असतां २४ ऑक्टोबर १९५२ रोजीं डेट्रॉइट येथें त्यांनीं, आपण स्वतः कोरियाला जाऊं, असें जाहीर केलें. युद्ध अमुक दिवसांत संपवूं, असें म्हटलें नाहीं. जाणें त्यांच्या हातीं होतें. निवडून येतांच डिसेंबरमध्यें, पदग्रहणापूर्वींच, ते गेले. जुलै १९५३ मध्यें तेथें युद्धविराम झाला.

मात्र सारा बोल उमेदवारांस लावणें न्याय्य होणार नाहीं. १९४० मधील बहुसंख्य अमेरिकनांस इंग्लंडला मदत व्हावी असें वाटत होतें आणि युद्ध मात्र नको होतें. १९६४ मध्येंही कम्युनिस्टांपुढें नमूं नये, पण मुलें घरींच असावींत, अशी लोकांची इच्छा होती. जनतेलाच दोन परस्परविरोधी गोष्टी एकदम हव्या असल्या, तर त्या दोन्ही देऊं म्हणणारा वक्ता तिला आपोआप भेटतो.

व्हिएतनामचा धडा घेऊन काँग्रेसनें १९७३ मध्यें अध्यक्ष निक्सन यांचा नकाराधिकार बाजूस सारून कायदा केला. त्यानुसार सैन्य लढाईंत उतरविल्यास अध्यक्षानें ४८ तासांत काँग्रेसला कळवावें आणि तिची संमति न मिळाल्यास साठ दिवसांनंतर तें मागें घ्यावें, असें ठरलें. या कायद्याचा अर्थ लावण्यावरून तेथें नंतर वारंवार वाद झाले आहेत. पण कायदा फार तर कृतीला वेसण घालील. सभेंतील शब्दाला वेसण घालणें हें श्रोत्यांचेंच काम आहे. हें वचन पाळणें बोलणाऱ्याच्या हातीं आहे काय, त्याला न उच्चारलेली कोणती अट आहे, आणि त्याचे हात आज प्रत्यक्ष काय करीत आहेत, एवढे तीन प्रश्न विचारणारे चार लोक जरी प्रत्येक सभेंत असले, तरी वक्त्याला आपलें वाक्य पुरें करणें भाग पडेल.