दान, मिंधेपण आणि नागरिकत्व

लोकशाहीच्या उभारणीत दानशूरांचा वाटा कोणता, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. दात्यांची नामावळी वाचून दाखविणे सोपे; आपल्या सीमाभागात ती पुष्कळ लांबेलही. माझ्यापुढचा प्रश्न निराळा आहे. दान घेणारा मनुष्य दात्याचा मिंधा होतो, की ताठ मानेचा नागरिक? मिंध्याचे मत त्याचे स्वतःचे नसते. आपण कॅम्पात जमलो आहोत, म्हणून हे अधिक जाणवते. 1924 च्या कायद्याने कँटोन्मेंट बोर्डावर लोकनियुक्त सभासदांची तरतूद केली, पण अध्यक्षपद लष्करी अधिकाऱ्याकडेच ठेवले.

सौंदत्ती तालुक्यातील शिरसंगीचे देसाई लिंगराज 1906 साली निवर्तले. आपली इस्टेट त्यांनी मृत्युपत्राने लिंगायत मुलांच्या शिक्षणासाठी विश्वस्त निधीच्या स्वाधीन केली. वतनदारांच्या वाड्यांवर दानधर्म पूर्वीही होत असे. सणासुदीला अन्न वाटले जाई, एखाद्या हुशार पोराची फी भरली जाई. परंतु देणे न देणे सर्वस्वी धन्याच्या मर्जीवर. निधी झाला आणि मर्जीची जागा दस्तऐवजाने घेतली. वाड्याच्या पायरीशी हात जोडून उभे राहण्याऐवजी मुलाला अर्ज करण्याची वाट मोकळी झाली. नामंजूर अर्जाचे कारण विचारता येते, रुसलेल्या धन्याला ते विचारता येत नाही. देणगीच्या रकमेपेक्षा मला हा फरक मोठा वाटतो.

पुढे 1916 मध्ये सात शिक्षकांनी बेळगावात कर्नाटक लिंगायत एज्युकेशन सोसायटी काढली. त्यांच्यापाशी इस्टेट नव्हती, त्यांनी आयुष्यच घातले. पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीतील आजीव सभासदांशी त्यांचे नाते उघड आहे. या संस्थेच्या 1933 मध्ये सुरू झालेल्या महाविद्यालयाला लिंगराजांचेच नाव देण्यात आले.

या दानाला जातीचे कुंपण होते, हेही सांगितले पाहिजे. कोल्हापुरात 1901 पासून शाहू महाराजांच्या आश्रयाने उभी राहिलेली वसतिगृहेही बव्हंशी जातवारच होती. ज्या समाजात वकील नाही, मामलेदार नाही, त्याच्या वतीने कायदेमंडळात कोण बोलणार? त्या काळी तो मार्ग अपरिहार्य होता, असे माझे मत आहे. पण ज्यांच्या जातीत देसाई-इनामदार जन्मण्याची सोयच नव्हती, त्यांनी काय करावे? शाहू महाराजांनी त्यांच्यासाठीही वसतिगृह उघडले हे खरे. तथापि प्रत्येक गावी शाहू कोठून आणावा?

एप्रिल 1925 मध्ये निपाणीस बहिष्कृतांची प्रांतिक परिषद भरली, तिला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उपस्थित होते. त्यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने त्याच वर्षाच्या आरंभी सोलापुरास वसतिगृह काढले होते. वसतिगृह येथेही आहे, पण ते चालविणारी सभा ज्यांचे हित साधायचे त्यांचीच संघटना बांधू पाहत होती.

निपाणीच्या परिषदेपूर्वी चारच महिने, डिसेंबर 1924 मध्ये, बेळगावात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन झाले. सभासदाने चार आण्यांऐवजी दरमहा 2,000 वार सूत द्यावे, असे तेथे ठरले. थैलीवाल्यांच्या देणग्यांवर संस्था चालते, पण तिचा मालक कोण, हा प्रश्न त्या सुताने विचारला. वर्ष संपण्यापूर्वीच ती अट सैल करावी लागली. सूतकताईचा कंटाळा पुढाऱ्यांनाच अधिक होता, असे म्हणावयास हरकत नाही.

1956 च्या राज्यपुनर्रचनेत निपाणी म्हैसूर राज्यात गेली. गावचे मत एकीकडे आणि राज्य दुसरीकडे, ही व्यथा श्रोत्यांना मी सांगावी असे नाही. अशा वेळी निपाणीच्या देवचंद शहा यांच्या दातृत्वातून 1960 मध्ये गावालगत, पण महाराष्ट्राच्या हद्दीत, कागल तालुक्यातील अर्जुननगरला महाविद्यालय उभे राहिले. पुढे ते शिवाजी विद्यापीठाशी संलग्न झाले. शहर एका राज्यात, कॉलेज दुसऱ्या राज्यात. निपाणीची मुले रोज ती हद्द ओलांडून वर्गात जाऊन बसतात.